किती जगले, कसे जगले?

गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, रेडिएशनचे शेक घेऊन झाले, दोन वर्षे उलटली आणि तपासणीत गाठ कुठेही दिसत नाही. कागदोपत्री हा माणूस बरा झाला. पण त्याच्या तोंडात दोन बोटेही जात नाहीत. भाकरी दुधात कुस्करून, पाण्याच्या घोटाबरोबर ढकलत, पाऊण तास जेवण चालते. शब्द नीट उमटत नाहीत म्हणून फोन घेणे त्याने सोडले आहे. लग्नकार्यात तो तोंड दाखवतो आणि पंगत बसायच्या आत निघतो. याला बरा झाला म्हणायचे का? वैद्यकाने बराच काळ या प्रश्नाला 'हो' असेच उत्तर दिले. रुग्ण हयात आहे की नाही आणि गाठ परतली की नाही, एवढ्या दोनच गोष्टी मोजल्या जात होत्या.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १४ लाख लोकांना नव्याने कर्करोग होतो आणि सुमारे ९ लाख माणसे त्याने दगावतात. पुरुषांमध्ये ओठ व तोंडाचा कर्करोग सर्वांत पुढे, स्त्रियांमध्ये स्तनाचा. मागच्या पाच वर्षांत निदान झालेली आणि आज हयात असलेली माणसे ३० लाखांहून अधिक आहेत. ही माणसे काय खातात, किती झोपतात, कामावर परतली की नाही, नवरा-बायकोत बोलणे उरले आहे की नाही, याची नोंद फारच थोड्या ठिकाणी होते. शिवाय कर्करोग हा एकच आजार समजून चालत नाही. जिभेचा कर्करोग जे हिरावतो ते स्तनाचा हिरावत नाही, आणि रक्ताचा कर्करोग तिसरेच काही नेतो. म्हणून रुग्णाला नेमके विचारावे लागते. तसे विचारणाऱ्यांना गेल्या तीस वर्षांत एक गोष्ट वारंवार दिसली आहे: गेलेल्यातले बरेच काही परत मिळवता येते, आणि त्यासाठी नेहमीच मोठा खर्च लागतो असेही नाही.

मोजण्याची सुरुवात डॉक्टरांच्या नजरेपासून झाली. १९४८ मध्ये न्यूयॉर्कचे डेव्हिड कार्नोफ्स्की आणि त्यांचे सहकारी नायट्रोजन मस्टर्ड हे औषध फुप्फुसाच्या कर्करोगावर वापरून पाहत होते. युद्धातल्या विषारी वायूच्या कुळातले हे औषध रोग बरा करणार नव्हते, पण रुग्णाला त्याने काही आराम पडतो का हे पाहायचे होते. त्यांनी शून्य ते १०० अशी पट्टी केली. १०० म्हणजे ठणठणीत, ७० म्हणजे स्वतःचे स्वतः करतो पण कामाला जाऊ शकत नाही, ५० म्हणजे बऱ्याच मदतीची गरज, शून्य म्हणजे मृत्यू. ही पट्टी आजही वापरली जाते. तिच्यात उणीव एवढीच की आकडा डॉक्टर लिहितो. खुर्चीत ताठ बसलेला माणूस रात्रभर जागा होता, हे त्या आकड्यात येत नाही.

१९९३ मध्ये युरोपातल्या कर्करोग संशोधन संघटनेने, म्हणजे ईओआरटीसीने, ३० प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचे नाव क्यूएलक्यू-सी३०. ती रुग्णाने स्वतः भरायची असते. चालताना त्रास होतो का, दम लागतो का, मळमळते का, झोप लागते का, लक्ष लागते का, चिडचिड होते का, घरच्यांबरोबरच्या आयुष्यात अडथळा आला का, आजारपणाने पैशाची अडचण झाली का. शेवटी मागच्या आठवड्यातली एकूण तब्येत आणि एकूण जीवनमान यांना एक ते सात यांपैकी एक अंक द्यायचा. या ३० प्रश्नांना प्रत्येक कर्करोगासाठी वेगळी पुरवणी जोडली जाते. डोके-मान यांच्यासाठी ३५ प्रश्न, स्तनासाठी २३, गर्भाशयमुखासाठी २४. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ही मूळ प्रश्नावली आणि डोके-मान व स्तन यांच्या पुरवण्या मराठीत आणि हिंदीत आणल्या, आपल्या रुग्णांवर तपासून पाहिल्या आणि २००५ मध्ये ते काम प्रसिद्ध केले. याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही, पण मला ते फार मोलाचे वाटते. परळच्या बाकावर बसलेल्या रुग्णाला 'कसं वाटतंय?' असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: 'बरं आहे.' डॉक्टर गडबडीत आहेत, मागे रांग आहे, आपण तक्रार करावी असे त्याला वाटत नाही. पण 'जेवताना दर घासाला पाणी लागतं का?' असे विचारले, तर तो सांगू लागतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने तोंडाच्या कर्करोगाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. तंबाखू-चुना, मशेरी, सुपारी, गुटखा या सगळ्यांनी इथे पिढ्या पोखरल्या आहेत. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली, पण त्याआधीच्या वर्षांचे कर्ज अजून फिटायचे आहे. सुपारीमुळे तोंडाच्या आतले अस्तर कडक होते, त्यामुळे कित्येकांचे तोंड कर्करोगापूर्वीच कमी उघडू लागलेले असते. मग शस्त्रक्रियेत जबड्याचा भाग जातो, मानेतल्या गाठी निघतात, खांदा उचलताना दुखतो. रेडिएशनच्या दिवसांत तोंड येते, इतके की पाणीसुद्धा झोंबते. ते बरे होते, पण लाळेच्या ग्रंथी मार खातात आणि कोरडेपणा मागे राहतो. लाळ नसलेल्या तोंडात दात झपाट्याने किडतात. चव महिनोन्महिने परतत नाही. डोके-मानेच्या पुरवणीत एक गट फक्त चारचौघांत जेवण्याबद्दल आहे: इतरांसमोर जेवायला अवघड वाटते का, घरच्यांसमोर जेवताना त्रास होतो का, जेवणातला आनंद गेला का. ज्या समाजात सोयरीक जेवणावर ठरते आणि दुखवटाही जेवणाने संपतो, तिथे पानावर बसता न येणे म्हणजे माणसांतून उठणे आहे.

आणि इथेच उपाय सर्वांत जास्त आहेत. लाळग्रंथींना वळसा घालून शेक देणारे आयएमआरटी तंत्र वापरले तर काय फरक पडतो, हे ब्रिटनमधल्या ९४ रुग्णांच्या पारस्पोर्ट चाचणीने २०११ मध्ये दाखवले. जुन्या पद्धतीत वर्षानंतर ७४ टक्के रुग्णांना त्रासदायक कोरडेपणा होता, नव्या पद्धतीत ३८ टक्क्यांना. हे यंत्राचे झाले. पण शेक सुरू होण्यापूर्वी दाताच्या डॉक्टरांकडे जाणे, रोज तोंड उघडण्याचा व्यायाम करणे, गिळण्याचे व्यायाम वेळेत सुरू करणे, यांना यंत्र लागत नाही. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून, दर काही दिवसांनी एक काडी वाढवत तोंड उघडायला शिकवतात. त्यासाठी शिकवणारा फिजिओथेरपिस्ट किंवा वाचा-उपचारतज्ज्ञ लागतो, आणि तालुक्याच्या गावी नेमका तोच नसतो. माणूस शस्त्रक्रिया मुंबईत करून येतो आणि व्यायाम मात्र गावी कुणी करून घेत नाही. सहा महिन्यांत तोंड मिटते. एवढे मोठे ऑपरेशन यशस्वी करून शेवटी माणूस अशा कारणाने घासाला महाग व्हावा, हे मला सहन होत नाही.

स्तनाच्या कर्करोगात जीवनमानाच्या प्रश्नाने उपचारांची दिशाच बदलली. विसाव्या शतकाचा मोठा काळ स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी एकत्र काढून टाकणे हाच उपचार होता. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उम्बेर्तो वेरोनेसी यांनी विचारले, एवढे काढायची खरेच गरज आहे का? दोघांच्या चाचण्यांचा वीस वर्षांचा पाठपुरावा २००२ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाला. फक्त गाठ काढून शेक घेणाऱ्या स्त्रिया आणि पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रिया सारख्याच काळ जगल्या. पण हा निष्कर्ष गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या स्त्रीपर्यंत पोचताना त्याला एक अट चिकटते: स्तन वाचवायचा तर शेक घ्यावेच लागतात, आणि पूर्वी त्यासाठी पाच-सहा आठवडे शहरात राहावे लागे. घरी लहान मुले, शेतात कापणी, शहरात राहायला जागा नाही. 'काढूनच टाका, एकदाचं संपू दे,' असे त्या म्हणतात. ती त्यांची निवड म्हणून लिहिली जाते, पण दुसरा रस्ता त्यांच्यापुढे असतो कुठे? म्हणून शेकांचे दिवस कमी करणाऱ्या चाचण्यांना मी जीवनमानाच्या चाचण्या मानतो. ब्रिटनने आधी हे शेक तीन आठवड्यांवर आणले आणि २०२० च्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीत, ४,०९६ रुग्णांमध्ये, एका आठवड्यातले पाच शेक पाच वर्षांच्या पाठपुराव्यात तितकेच परिणामकारक ठरले.

स्तनाच्या रुग्णांच्या इतर तक्रारी बारीक वाटतात, पण रोजच्या असतात. काखेतल्या गाठी काढल्यावर हात सुजतो. धुणे, कळशी, खुरपणी हे सगळे त्याच हाताचे काम. हार्मोनच्या गोळ्या पाच-दहा वर्षे चालतात. त्यांनी अंगातून वाफा निघतात किंवा सांधे धरतात, आणि बऱ्याच जणी कुणाला न सांगता गोळी बंद करतात. गोळी बंद केली की रोग परतण्याचा धोका वाढतो. म्हणजे सांधेदुखी विचारली नाही तर जीवही धोक्यात येतो. केस जाणे हे तात्पुरते आहे असे समजावले जाते, पण ज्या मुलीचे लग्न ठरायचे आहे तिला ते तात्पुरते वाटत नाही. भारतात या रोगाचे निदान पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरी दशकभर लवकरच्या वयात होते, म्हणून मूल होण्याचा, नोकरीचा, नवऱ्याच्या नजरेचा प्रश्न आपल्याकडे जास्त तीव्र आहे.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल तर बोललेच जात नाही. ओटीपोटावर शेक घेतल्यावर आतड्यांचा आणि मूत्राशयाचा त्रास वर्षांनी डोके वर काढतो. योनिमार्ग आकसतो, पाळी कायमची जाते. मार्ग आकसू नये म्हणून साधी साधने असतात, ती कशी वापरायची हे परिचारिकेने एकांतात दहा मिनिटे बसून शिकवायचे असते. बहुतेक स्त्रियांना हे कुणी सांगत नाही. संबंधाने रोग नवऱ्याला लागेल ही भीती दोघांनाही असते आणि ती निराधार आहे हेही कुणी सांगत नाही. टाटा मेमोरियलने केलेल्या पार्सर या चाचणीचे मोल म्हणूनच मोठे. शस्त्रक्रियेनंतर शेक लागलेल्या ३०० स्त्रियांमध्ये आयएमआरटीने, रोज प्रतिमा पाहून, शेक दिले तेव्हा तीन वर्षांत आतड्याचा त्रास सुमारे २१ टक्क्यांना झाला. नेहमीच्या पद्धतीत तो सुमारे ४२ टक्क्यांना झाला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीचा मुख्य प्रश्नच 'आतडी किती वाचली' हा होता. आणि या रोगात सर्वांत चांगले जीवनमान तो न होण्यात आहे, हेही महाराष्ट्रानेच जगाला दाखवले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

पुरुषांचे असे अवघड प्रश्न ब्रिटनच्या प्रोटेक्ट चाचणीने निःसंकोचपणे विचारले. सुरुवातीच्या टप्प्यातल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या १,६४३ पुरुषांपैकी काहींची शस्त्रक्रिया, काहींना शेक, काहींवर केवळ देखरेख. दहा वर्षांनी तिन्ही गटांत या रोगाने झालेले मृत्यू एक टक्क्याच्या आसपास, फरक नाही. फरक होता जगण्यात. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुष लघवी गळते म्हणून पॅड वापरत होते. सहा वर्षांनीही १७ टक्के वापरत होते. देखरेखीच्या गटात हे प्रमाण ८ टक्के, शेकांच्या गटात ४ टक्के, मात्र शेकांनी आतड्याच्या तक्रारी वाढवल्या. जगण्याची मुदत सारखीच असेल तर कोणता त्रास आपल्याला चालेल हे रुग्णाने ठरवायचे असते, आणि त्यासाठी हे आकडे आधी त्याच्यासमोर ठेवायला हवेत. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातला कर्करोग असला की पोटावर शौचाची पिशवी बसण्याची भीती असते. साओ पावलोच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी २००४ मध्ये मांडले की शेक आणि केमोने गाठ पूर्ण विरघळली असेल तर काही रुग्णांमध्ये शस्त्रक्रिया न करता लक्ष ठेवून थांबता येते. सुरुवातीला त्यांच्यावर टीका झाली, आज ही वाट निवडक रुग्णांसाठी मान्य झाली आहे. ज्यांना पिशवी लागतेच, त्यांचे आयुष्य ती नीट बसवायला शिकवणाऱ्या परिचारिकेवर बरेचसे अवलंबून असते.

रक्ताच्या कर्करोगातला सीएमएल हा प्रकार वेगळे शिकवतो. इमॅटिनिब ही गोळी अमेरिकेत २००१ मध्ये मान्य झाली आणि काही वर्षांत मारणारा रोग रक्तदाबासारखा सांभाळायचा आजार झाला. भारतात ती परवडली ती जेनेरिक औषधामुळे. तिच्या पेटंटचा वाद २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, आणि त्या लढ्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन पक्षकार होती. रोग ताब्यात, माणूस कामावर, सगळे ठीक. तरी इटलीत २०११ मध्ये, वर्षानुवर्षे ही गोळी घेणाऱ्या ४४८ रुग्णांना विचारले तेव्हा त्यांच्यातले तरुण, म्हणजे १८ ते ३९ वयाचे, आपल्या वयाच्या निरोगी माणसांपेक्षा सर्वांत जास्त मागे पडलेले आढळले. वयस्कर रुग्ण मात्र आपल्या वयाच्या लोकांच्या जवळपास होते. थकवा ही मोठी तक्रार होती. साठीत थकवा सगळ्यांनाच असतो. पंचविशीत तो एकट्यालाच असतो, आणि बाहेरून काहीच दिसत नसल्याने कुणी विश्वास ठेवत नाही.

मुलांचे तर आयुष्य पुढेच असते. उत्तर अमेरिकेत १९७० ते १९८६ दरम्यान बालपणी कर्करोग झालेल्या आणि पुढे प्रौढ झालेल्या १०,३९७ जणांच्या पाहणीत ६२ टक्क्यांना किमान एक दीर्घकालीन आजार होता. हृदय, थायरॉइड, उंची, मूल होणे, दुसरा कर्करोग, सगळ्यावर जुन्या उपचारांची सावली पडते. टाटा मेमोरियलने उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ मध्येच स्वतंत्र क्लिनिक सुरू केले. असे आयुष्यभराचे लक्ष ठेवणारे दवाखाने जिल्ह्याजिल्ह्यांत नाहीत, आणि बरी झालेली मुले आता तिशी-चाळिशीत आहेत.

हे आकडे वाचताना दोन ठिकाणी जपावे लागते. एक, जे सर्वांत आजारी असतात ते प्रश्नावली भरतच नाहीत, त्यामुळे सरासरी खऱ्यापेक्षा बरी दिसते. दुसरे, माणूस स्वतःची मोजपट्टी बदलतो. वर्षभर वेदनेत राहिलेला माणूस आज थोडे बरे असले तरी सातपैकी सहाला बोट ठेवतो, आणि त्याच अवस्थेत काल आलेला माणूस तीनला. काही संशोधक याला मोजमापातला दोष म्हणतात. मला त्यात माणसाची जगण्याची ताकद दिसते. पण म्हणून 'रुग्ण समाधानी आहेत' असे म्हणत व्यवस्थेने हात झटकले तर ती लबाडी ठरेल. घरच्यांचे उत्तर हाही पुरता पर्याय होत नाही. त्यांना दुखणे कधी जास्त दिसते, कधी कमी, आणि मनातली भीती तर अनेकदा दिसतच नाही.

'जीव वाचवायचा की आराम द्यायचा' असा पेच नेहमी घातला जातो. पुरावा मात्र दुसरीकडे बोट दाखवतो. २०१० मध्ये बोस्टनमधल्या एका चाचणीत पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून वेदनाशामक-आधार सेवा दिली. त्यांचे जीवनमान सुधारले, नैराश्य कमी झाले, आणि ते ११.६ महिने जगले. ती सेवा सुरुवातीपासून न मिळालेले ८.९ महिने. न्यूयॉर्कमधल्या ७६६ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत रुग्ण स्वतः आपली लक्षणे नोंदवत आणि काही बिघडले की परिचारिकेला संदेश जाई. २०१७ मध्ये दिसले की या रुग्णांचे मध्यम आयुर्मान ३१ महिने होते, नेहमीच्या पद्धतीच्या रुग्णांचे २६ महिने. पाच महिने आयुष्य, केवळ वेळेवर ऐकल्यामुळे. असा परिणाम एखाद्या नव्या औषधाने दाखवला असता तर त्याच्या जाहिराती झाल्या असत्या. याउलट युरोपात २००९ ते २०१३ दरम्यान ६८ कारणांसाठी मंजूर झालेल्या कर्करोगाच्या औषधांपैकी बाजारात येताना जीवनमान सुधारल्याचा पुरावा फक्त ७ ठिकाणी होता.

आपल्याकडचे सर्वांत बोलके उदाहरण परळचेच आहे. परतलेल्या किंवा शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या डोके-मानेच्या कर्करोगासाठी सिस्प्लॅटिनचे सलाइन, की घरी बसून घ्यायच्या मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिबच्या स्वस्त गोळ्या? ४२२ रुग्णांच्या या चाचणीचे निकाल २०२० मध्ये आले. गोळ्यांच्या गटात मध्यम आयुर्मान ७.५ महिने, सलाइनच्या गटात ६.१. तीव्र दुष्परिणाम गोळ्यांत १९ टक्के, सलाइनमध्ये ३० टक्के. ज्याच्याजवळ सात महिने आहेत त्याचे ते महिने बसस्थानकात आणि वॉर्डात जाण्यापेक्षा घरी जावेत, याहून मोठे जीवनमान कोणते?

वेदनेचा प्रश्न सगळ्या कर्करोगांत सारखा आहे, आणि तिथे आपले अपयश ठळक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये वेदनाशमनाची तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली. तिच्या सर्वांत वरच्या पायरीवरचे औषध मॉर्फिन, जुने आणि स्वस्त. ते ज्यापासून बनते ती अफू कायदेशीरपणे पिकवणाऱ्या थोड्या देशांपैकी भारत एक आहे. तरी १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यामुळे रुग्णालयांना निरनिराळ्या परवान्यांच्या फेऱ्यात अडकावे लागले आणि असंख्य माणसे मॉर्फिनवाचून तळमळत गेली. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला. अडथळा आता कायद्यापेक्षा सवयीत आहे: डॉक्टर लिहायला कचरतात, औषधवाला ठेवत नाही, घरचे 'सवय लागेल' म्हणून देत नाहीत. केरळने शेजारपाजारच्या स्वयंसेवकांना हाताशी धरून घरोघरी सेवा नेली आणि २००८ मध्ये सरकारी धोरणही केले. मुंबईत १९८६ मध्ये वांद्र्याला शांती आवेदना सदन हे देशातले पहिले हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांचे सेवाघर, सुरू झाले, पुढे त्याची शाखा गोव्यातही झाली. पुण्यात वारज्याला अशा सेवेचे सिप्लाचे केंद्र १९९७ पासून आहे. ही ठिकाणे उत्तम आहेत, पण हिंगोलीच्या रुग्णाला त्यांचा काय उपयोग?

आणि पैसा. त्या युरोपीय प्रश्नावलीतल्या ३० प्रश्नांतला अठ्ठाविसावा प्रश्न पैशाच्या अडचणीचा आहे. युरोपात तो अनेक प्रश्नांतला एक असेल. आपल्याकडे तो बाकी सगळ्यांवर बसलेला आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेने शस्त्रक्रिया, केमो, शेक यांचा मोठा भार उचलला, हे मान्य केले पाहिजे. पण तिकीट, खोलीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि सोबत आलेल्या माणसाचे जेवण योजनेत बसत नाही. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, मुलांच्या कुटुंबांना २००६ पासून मोफत खोल्या देणारी सेंट ज्यूड केंद्रे, यांनी कित्येकांचे उपचार पूर्ण करून दिले. जागा न मिळालेले पदपथावर झोपतात आणि रक्तातल्या पेशी कमी झालेल्या अंगाने पहाटे रांगेत उभे राहतात. पुरुष आजारी पडला तर बायको सोबत येते. बाई आजारी पडली तर ती पुष्कळदा घरचा स्वयंपाक उरकून केमोला येते. सांभाळणाऱ्याच्या पाठदुखीचा आणि झोपेचा रकाना रुग्णाच्या या प्रश्नावलीत नाही, आणि रुग्णालयाच्या फाइलमध्येही नाही.

त्यातच 'त्यांना सांगू नका' हा आपला आग्रह. प्रेमापोटीच असतो. पण रोगाचे नाव न कळलेल्या माणसाला कोणी विचारणार कसे, की उरलेल्या दिवसांत तुम्हाला काय हवे आहे? त्याला वाड्यात जाऊन झोपायचे असते, जमिनीची वाटणी करायची असते, थोरल्या भावाशी बोलायचे असते. सगळे सांगायलाच हवे असे नाही, पण त्याला किती जाणून घ्यायचे आहे एवढे तरी त्यालाच विचारावे.

घरात कुणी हा आजार सोसत असेल तर पुढच्या तारखेला जाण्याआधी आठवडाभर एका कागदावर रोज लिहा: किती दुखले, किती खाल्ले, रात्री कितीदा जाग आली, काय करावेसे वाटले आणि जमले नाही. तो कागद फाइलच्या सर्वांत वर ठेवा आणि डॉक्टरांनी 'कसं आहे?' विचारल्यावर तोच पुढे करा. दात, व्यायाम, मॉर्फिन, वैवाहिक संबंध यांबद्दल लाज न धरता विचारा. आणि रुग्णालये चालवणाऱ्यांना, आरोग्य खात्याला एवढेच सांगणे आहे: मराठी प्रश्नावली २००५ पासून तयार आहे. ती प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ठेवा, वाचता न येणाऱ्याला वाचून दाखवणारे माणूस नेमा, आणि आलेले उत्तर रक्ताच्या अहवालाशेजारी लावा.